चिंध्यांपासून वस्तू करणाऱ्या महिलांच्या संस्थेने शासनाकडे नेमके काय मागावे?

पूर्वभाग_शिलाई (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. दोन बचत गटांतील आम्ही तेवीस महिला चार वर्षांपासून मिळून एक काम करीत आहोत. आपल्या शहरात गणवेश शिवणारे जे लहानमोठे कारखाने आहेत, त्यांच्या कटिंगच्या टेबलाखाली पडणाऱ्या चिंध्या आम्ही विकत घेतो आणि त्यांच्या पिशव्या, पायपुसणी व गोधड्या करतो.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. कटिंग मास्तर कापडाचे थरावर थर अंथरतो, वरच्या थरावर खडूने आखतो आणि मशीन फिरवतो, तेव्हा बाहीच्या खाचेतून कोयरीच्या आकाराचे तुकडे सुटतात. एकाच मापाचे, एकाच रंगाचे तुकडे गठ्ठ्यानेच सुटत असल्यामुळे ते तसेच उचलले तर त्यांची सुरेख गोधडी होते. मात्र तेच झाडूने लोटून, धाग्यांच्या गुंत्यात आणि चहाच्या कागदी कपांत मिसळून पोत्यात भरले, की एक पोते निवडण्यात एका बाईचा दिवस जातो. सुती आणि टेरिकॉट वेगळे करावे लागते. ते आम्ही बोटांनी चुरून ओळखतो. सुती तुकडे मशीन पुसण्यासाठी वर्कशॉपवाले घेतात. टेरिकॉटला फारसे गिऱ्हाईक नाही, आणि कोणी उचलले नाही तर ते नाल्याच्या कडेला जाळले जाते. तो धूर आमच्याच वस्तीत येतो. खरे म्हणजे त्या धुरामुळेच आम्ही एकत्र आलो.

आता माझा प्रश्न. पर्यावरणाचे काम करणाऱ्या अशा सामाजिक उद्योगांसाठी शासनाने काय करावे, यावर आमच्या लोकप्रतिनिधींनी आमच्याकडून दोन पानांचे निवेदन मागितले आहे. आम्ही लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा सर्वांच्या तोंडी 'शिलाई मशीन' आणि 'प्रशिक्षण' हेच शब्द आले, कारण आजवर आम्हाला तेच मिळाले आहे. मशीन आमच्याकडे गरजेपेक्षा तीन जास्त आहेत. ती चादरीखाली झाकून ठेवलेली आहेत. शिवणकामाचे प्रशिक्षण तर आमच्यातील काही जणींनी तीन वेळा घेतले आहे. जे नाही ते वेगळेच आहे. एका कार्यालयाने पिशव्यांची मोठी मागणी दिली, आम्ही उसनवारी करून अस्तर आणि नाडी घेतली, माल वेळेत पोचवला, आणि पैसे सात महिन्यांनी आले. त्या सात महिन्यांत आमच्यातील पाच जणी परत विड्या वळायला गेल्या. त्यातली एक जण जाताना म्हणाली, की तिथे मजुरी कमी असली तरी नावावर फंड जमा होतो आणि मुलीची शिष्यवृत्ती सुटत नाही. तिला थांबवायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून विचारते, की या निवेदनात धोरण म्हणून काय मागावे? ज्यांना सहकार, कामगार कायदे किंवा कचरा व्यवस्थापनाचा अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_लेखापरीक्षक

ताई, मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो आणि सूतगिरण्या व औद्योगिक सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो, की 'अनुदान द्यावे' हे वाक्य निवेदनात सर्वांत वर घालू नका. अनुदान एकदा देऊन मोकळे होता येते, आणि तुमची अडचण मात्र दर महिन्याची आहे.

तुमच्या अडचणीचे मूळ संस्थेच्या स्वरूपात आहे असे मला वाटते. बचत गट ही कोणत्याही कायद्याखाली नोंदलेली संस्था नव्हे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली तुम्ही औद्योगिक सहकारी संस्था नोंदवू शकता. त्यासाठी वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात, आणि तुम्ही त्याहून अधिक आहात. मालकी सभासदांची राहते आणि लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा असते, म्हणजे नफेखोरीला कायद्यानेच आळा आहे. सामाजिक उद्योग म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? तरीही कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी या संस्थेला मिळत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि त्या कामांच्या यादीत पर्यावरणरक्षण स्पष्टपणे आहे. पण ज्या संस्थांमार्फत हा खर्च करता येतो त्या म्हणजे कलम ८ खालील ना-नफा कंपनी, सार्वजनिक न्यास आणि नोंदणीकृत सोसायटी, त्याही प्राप्तिकराच्या ठरावीक नोंदण्या असलेल्या. सभासदांच्या मालकीची सहकारी संस्था त्यात बसत नाही. उलट कलम ८ ची कंपनी काढली तर हा निधी मिळू शकतो, परंतु लाभांश वाटता येत नाही, म्हणजे तेवीस जणींना आपल्या कष्टाच्या नफ्यावर हक्क उरत नाही.

यावर कोणी तुम्हाला सामाजिक शेअर बाजाराचे नाव सुचवील. सामाजिक संस्थांना लोकांकडून निधी उभारता यावा म्हणून शेअर बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२ साली त्याची चौकट आखली, परंतु तिथे ना-नफा संस्थेला निधी उभारायचा तर किमान रक्कमच ५० लाख रुपये आहे. पूर्व भागातील एका गटासाठी ती वाट नाही.

म्हणून निवेदनातील पहिली मागणी अशी असावी, की श्रमिकांच्या मालकीचे आणि पर्यावरणाचे काम हाच मुख्य व्यवसाय असलेले उद्योग राज्याने एक स्वतंत्र वर्ग म्हणून मान्य करावेत, मग त्यांची नोंदणी कोणत्याही कायद्याखाली असो. दक्षिण कोरियाने २००७ साली सामाजिक उद्योगांसाठी स्वतंत्र कायदा केला; तिथे शासनाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय कोणाला ते नावच लावता येत नाही, आणि कंपनीच्या स्वरूपातील उद्योगाला वाटपयोग्य नफ्यातील किमान दोन तृतीयांश भाग सामाजिक हेतूवर खर्च करावा लागतो. आपल्याला तो कायदा जसाच्या तसा उचलण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे याहून जवळची उदाहरणे आहेत.

त्यातली दोन तुम्ही अवश्य लिहा. सहकारी सूतगिरण्यांसाठी राज्याने ५:४५:५० असे सूत्र ठेवले होते: ५ टक्के सभासदांचे भागभांडवल, ४५ टक्के शासनाचे आणि ५० टक्के कर्ज. सूत काढणाऱ्या संस्थेत शासन भागधारक होऊ शकत असेल, तर त्याच कापडाची चिंधी परत उपयोगात आणणाऱ्या संस्थेत का होऊ नये, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाच्या नावातच 'एकात्मिक व शाश्वत' असे शब्द आहेत. त्यातील 'शाश्वत' या शब्दाचा आधार घ्या. दुसरे उदाहरण मजूर सहकारी संस्थांचे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ठरावीक मर्यादेतील कामांपैकी काही हिस्सा मजूर संस्थांना आणि काही हिस्सा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना देऊन उरलेली कामे खुल्या स्पर्धेत ठेवण्याची पद्धत या राज्यात रुजलेली आहे. याचा अर्थ काम राखून ठेवणे हे आपल्या प्रशासनाला नवीन नाही.

मात्र इथे एक गोष्ट मी मनापासून सांगतो, कारण ती मी दप्तरात पाहिलेली आहे. ज्या मजूर संस्थेच्या सभासदांच्या हाताला कधी घमेले लागलेले नाही, अशा संस्थेच्या हजेरीपटावर मला सह्या तपासाव्या लागल्या आहेत. राखीव कामे आली की नावापुरत्या संस्था निघतात आणि खऱ्या मजुरांची संधी जाते. त्यामुळे कोणाला या वर्गात घ्यावे याची कसोटी तुम्हीच सुचवा, आणि ती कडक सुचवा: किमान दोन तृतीयांश सभासद प्रत्यक्ष काम करणारे असावेत, मजुरी थेट बँक खात्यावर जमा व्हावी, आणि उचललेल्या मालाचे वजन नोंदलेले असावे.

थकलेल्या पैशांबाबत कायदा आजही तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. 'उद्यम' ही अशा उद्योगांची सरकारी नोंदणी बचत गटालाही करता येते. ती नसेल तर या आठवड्यातच करून घ्या.

कुंभारी_रस्ता

अक्का, नमस्कार. माझी आजी आणि आई दोघीही विड्या वळत होत्या. मी विडी कामगारांच्या संघटनेच्या कार्यालयात अर्ज भरून देण्याचे काम करते, त्यामुळे तुमच्यातल्या त्या पाच जणींचा निर्णय मला पूर्णपणे समजतो. त्यांच्यावर रागावू नका.

विडीचे काम आरोग्याला घातक आहे, हे ते करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. आईच्या बोटांचा तंबाखूचा वास अंघोळीनंतरही जात नसे आणि सुपावर वाकून वाकून तिची मान कायमची आखडली होती. तरीही हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी आणि निघालेल्या खराब विड्यांचा हिशेब यांच्यापलीकडे त्या कामात एक गोष्ट होती: ओळखपत्र. त्या ओळखपत्रावर दवाखाना होता, मुलांची शिष्यवृत्ती होती, भविष्य निर्वाह निधी होता, आणि पुढे घरसुद्धा मिळाले. हे कोणी आपणहून दिलेले नाही. १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला आणि विड्यांवर उपकर बसला. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे चाललेल्या लढ्यातून सोलापूरजवळच्या कुंभारीला २००६ साली गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे उभी राहिली, आणि त्याच कुंभारीत रे नगर या कामगार वसाहतीच्या पहिल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले.

आता या सर्व संरक्षणाची गाठ व्यवसायाशी बांधलेली आहे. बाई विडी सोडून तुमच्याकडे चिंध्या निवडायला आली, की ती तंबाखूपासून सुटते, वस्तीचे भले करते, आणि त्याच दिवशी कायद्याच्या दृष्टीने 'विडी कामगार' राहत नाही. घातक काम करीत राहिली तर संरक्षण मिळते आणि हितकारक कामाकडे वळली तर ते जाते, अशी ही रचना आहे. तुमच्या निवेदनात माझ्या मते यापेक्षा महत्त्वाचा दुसरा मुद्दा नाही. विडीवरचा तो उपकर १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर रद्द झाला आणि कल्याण योजनांचा खर्च अर्थसंकल्पातून होऊ लागला. जर पैसा विडीतून येत नाही, तर संरक्षण विडीलाच का बांधून ठेवावे? जी महिला हा व्यवसाय सोडून पर्यावरणाच्या कामाकडे वळते, तिचे ओळखपत्र, दवाखाना आणि मुलांची शिष्यवृत्ती किमान पाच वर्षे चालू ठेवावी, अशी स्पष्ट मागणी करा.

'ई-श्रम वर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नाव नोंदवा' असे उत्तर येईल. ती नोंदणी अवश्य करा, पण ती नोंदणी म्हणजे फंड नव्हे. असंघटित कामगारांसाठी २०१९ साली आलेल्या श्रमयोगी मानधन योजनेत साठ वर्षांनंतर महिना ३,००० रुपये निवृत्तिवेतन आहे, मात्र त्यात शिरण्याचे वय १८ ते ४० आहे. विडी सोडून येणाऱ्या बहुतेक बायका चाळिशी ओलांडलेल्या असतात; अर्ज घेऊन आलेल्या बाईला वय विचारून परत पाठवणे हे काम मी स्वतः केले आहे आणि ते फार जड जाते.

भविष्य निर्वाह निधीचा पेच असा आहे, की त्याला मालक आणि कामगार हे नाते लागते, आणि तुमच्याकडे मालकही त्याच व कामगारही त्याच. म्हणून सहकारी संस्था नोंदवून सभासदांना वेतन द्यावे आणि मालकाच्या हिश्श्याचा भार सुरुवातीची काही वर्षे शासनाने उचलावा, असे मागता येईल. केंद्र शासनाने २०१६ सालच्या रोजगार प्रोत्साहन योजनेत नव्या कामगारांसाठी मालकाचा हिस्सा तीन वर्षे भरण्याची जबाबदारी घेतली होती. इटलीत तर १९९१ च्या कायद्याने ज्या सामाजिक सहकारी संस्थांत किमान ३० टक्के कामगार वंचित गटांतील आहेत, त्यांना त्या कामगारांपुरता सामाजिक विम्याचा हप्ता माफ आहे. वंचित कोण याची त्या कायद्याची व्याख्या वेगळी आहे, पण विचार आपल्या उपयोगाचा आहे.

विजापूर_वेस_ते_पुणे

मी मूळचा विजापूर वेशीचा. नोकरीमुळे पुण्यात आहे आणि इथे कचरावेचक महिलांबरोबर काम करतो. वरची दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. मला मोबदल्याबद्दल लिहायचे आहे.

ताई, तुमच्या एका पिशवीत दोन कामे आहेत. एक शिवण्याचे, आणि दुसरे ती चिंधी जळू न देण्याचे. गिऱ्हाईक पैसे देते ते पहिल्याच कामाचे. दुसऱ्या कामाचा फायदा सगळ्या वस्तीला होतो, म्हणून त्याचे पैसे कोणा एका गिऱ्हाइकाकडून येणारच नाहीत. ते सार्वजनिक तिजोरीतूनच यायला हवेत. तुमची पिशवी गिरणीच्या नव्या कापडाच्या पिशवीपेक्षा महाग पडत असेल, तर त्याचे कारण तुमची अकार्यक्षमता नाही. निवडण्यात गेलेला तो एका बाईचा दिवस आहे.

पुण्यात हे कसे घडले ते थोडक्यात सांगतो. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली. त्यांनी आधी ओळख मागितली, मग आपण किती कचरा उचलतो आणि त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा व हाताळणीचा किती खर्च वाचतो याचा हिशेब मांडला. २००८ साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा त्या महिला उचलतात, नागरिक त्यांना दरमहा सेवाशुल्क देतात, आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे उत्पन्न त्यांचे असते. हा करार दयेपोटी झालेला नाही, तो हिशेबावर उभा राहिला. पुढे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तर कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारीच स्थानिक संस्थांवर टाकली, आणि २०२४ साली केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत सफाई कामगारांबरोबर कचरावेचकांचाही समावेश झाला.

तुम्हाला आज कोणी कचरावेचक म्हणणार नाही, कारण तुम्ही चिंध्या कारखान्यातून विकत घेता. तरीही तर्क तोच आहे. कचरा वाहून नेण्यासाठी आणि त्यावर प्रक्रिया करण्यासाठी महापालिका ठेकेदारांना टनामागे पैसे देतात. तोच दर, किंवा त्याचा काही भाग, तुम्ही उचललेल्या चिंध्यांच्या वजनावर तुम्हाला मिळावा अशी मागणी करा. ब्राझीलमध्ये २००७ च्या कायद्याने नगरपालिकांना कचरावेचकांच्या सहकारी संस्थांशी निविदा न काढता थेट करार करण्याची मुभा दिली. आपल्याकडे निविदेत मागच्या तीन वर्षांची उलाढाल आणि अनामत रक्कम यांच्या अटी असतात, आणि लहान संस्था तिथेच बाद होते. केंद्रीय खात्यांना आणि सार्वजनिक कंपन्यांना २०१२ च्या खरेदी आदेशाने २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करणे बंधनकारक आहे, त्यातही ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून, आणि या उद्योगांना अनामत रकमेतून सूट आहे. हा आदेश महापालिकेला किंवा जिल्हा परिषदेला लागू नाही. तो तसाच लागू करावा, असे एका ओळीत लिहिता येते.

अजून एक. प्लास्टिकच्या वेष्टनांचा कचरा गोळा करून त्यावर प्रक्रिया करून घेण्याची उत्पादकाची जबाबदारी ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वे फेब्रुवारी २०२२ मध्ये आली, परंतु प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगच देऊ शकतात. गोळा करणाऱ्या आणि निवडणाऱ्या हातांपर्यंत तो पैसा थेट पोचत नाही. कापडासाठी तर आपल्याकडे अशी जबाबदारी अजून आलेलीच नाही. फ्रान्समध्ये ती २००७ पासून आहे. उद्या ती आपल्याकडे येईल तेव्हा निवडणाऱ्या संस्थांचा हिस्सा नियमातच लिहिलेला असावा, हे आजच नोंदवून ठेवा.

कटिंग_टेबल

मी गणवेशाचा लहान कारखाना चालवतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. चिंधी आम्हाला फुकट पडत नाही आणि आम्ही ती फुकट देतही नाही. मिश्र पोते कमी भावाने का होईना, पण भंगारवाला रोख पैसे देऊन नेतो. त्यामुळे 'कारखान्यांनी चिंधी महिलांच्या संस्थेलाच द्यावी' अशी सक्ती मागितली तर आमच्यासारखे लहान लोक विरोध करतील. त्याऐवजी जो कारखाना रंगवार आणि कापडवार गठ्ठे बांधून देईल, त्याला मालमत्ता करात किंवा स्वच्छता शुल्कात थोडी सवलत मागा. हेल्परला फक्त एक पोते जास्त धरावे लागते. माझ्याकडे दिवाळीपासून तशी तीन पोती लावली आहेत, आणि आता हेल्परला सांगावेही लागत नाही.

दुसरा अनुभव खरेदीबाबत. २०२४-२५ साली राज्याने शालेय गणवेशाचे कापड एका ठिकाणाहून घेऊन शिलाई महिला बचत गटांकडून करून घेण्याची योजना आणली. हेतू चांगला होता. पण अनेक शाळांत गणवेश वेळेत पोचले नाहीत आणि नंतर खरेदीचा अधिकार शाळा व्यवस्थापन समित्यांकडे परत गेला. एकाच हंगामात एवढे काम देताना कापलेले कापड, मापे आणि पैसे यांचे वेळापत्रकही तेवढेच पक्के असावे लागते. म्हणून मोठी राखीव मागणी एकदम मागू नका. पहिल्या वर्षी एका तालुक्यापुरती, तीस टक्के आगाऊ रकमेसह मागा. अस्तर आणि नाडी उधारीवर घेऊन धंदा टिकत नाही, हे तुम्ही अनुभवलेलेच आहे.

पूर्वभाग_शिलाई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मी मनापासून आभारी आहे. काल रात्री सर्व जणींना बसवून ही उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. काही जणींना तेलुगू अधिक जवळची, म्हणून मधे मधे थांबून सांगत गेले. ओळखपत्र पाच वर्षे चालू ठेवण्याचा मुद्दा आला तेव्हा ज्या बाईने विडीकडे परत जाताना मुलीच्या शिष्यवृत्तीचे नाव काढले होते, ती स्वतःहून म्हणाली, की निवेदनावर पहिली सही माझी घ्या. आता त्या मागणीवरच निवेदन सुरू करायचे ठरले आहे.

त्यानंतर वजनावर मोबदला, मग ४५ दिवसांत पैसे आणि तीस टक्के आगाऊ रक्कम, आणि शेवटी स्वतंत्र वर्ग व त्याची कसोटी, असा क्रम ठेवला आहे. मशीन आणि प्रशिक्षण हे शब्द निवेदनात कुठेही नाहीत. कारखान्यांवर सक्तीची मागणी आमच्या पहिल्या मसुद्यात होती. ती काढली आणि सवलतीची घातली. सहकारी संस्थेच्या नोंदणीबाबत मात्र दोघी-तिघींच्या मनात भीती आहे, की निवडणूक, लेखापरीक्षण आणि दप्तर यांतच जीव जाईल. तेवढे एक मला अजून सोडवता आलेले नाही.

एक प्रश्न उरतो. चार वर्षांत आम्ही किती चिंध्या उचलल्या याची नोंद आमच्याकडे पैशांच्या वहीत आहे, वजनाची वेगळी वही नाही. ती जुन्या बिलांवरून तयार केली तर चालेल का?

निवृत्त_लेखापरीक्षक

जुनी वही नव्याने लिहू नका, ताई. जुन्या बिलांची तारीखवार यादी करा, ज्या बिलावर वजन आहे तेवढेच वजन धरा आणि जिथे नाही तिथे 'वजन नमूद नाही' असे सरळ लिहा. आकडा कमी दिसला तरी चालेल. त्यावर कोणी बोट ठेवता कामा नये. उद्यापासून मात्र स्वतंत्र नोंदवही ठेवा: तारीख, कारखाना, सुती किती, टेरिकॉट किती, देणाऱ्याची सही. महिन्याच्या शेवटी बेरीज करून त्याखाली तुमच्यापैकी दोघींनी सह्या कराव्यात.

दप्तराच्या भीतीबद्दल म्हणाल तर पोटनियमांचा मसुदा मी बसून करून देईन आणि पहिले वर्षभर दप्तर कसे ठेवायचे ते दोन मुलींना शिकवीन. त्याआधी एक पाहून घ्या. तुमच्या वजनकाट्यावर वजने-मापे तपासणाऱ्या वैधमापन विभागाचा मुदतीतला शिक्का आहे का? नसेल तर वजनावर मोबदला मागताना पहिली हरकत त्यावरच निघेल.

पूर्वभाग_शिलाई

काटा जुना आहे, भंगारच्या दुकानातून घेतलेला. आत्ताच उलटा करून पाहिला. शिक्का आहे, पण वर्ष पुसट झाले आहे, वाचता येत नाही. सोमवारी दोघी जणी रिक्षात घालून तो पडताळणीसाठी घेऊन जात आहेत, आणि वही आजच आणली आहे.